पथ्य संध्याकाळीच का मोडतं?

प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई, वय ४४. मधुमेह निघून दीड वर्ष झालं, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.१. सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी, रात्री नुसतं मेटफॉर्मिन. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगा बारावीला, नवरा बेळगावात उद्यमबागला फाउंड्रीत, पाळ्या बदलत्या. मोबाइलवर आलेला १२०० कॅलरींचा तक्ता त्या पाळतात: भात बंद, भाकरी बंद, साखर बंद, संध्याकाळी सातनंतर काही नाही. दिवसभर जमतं. रात्री आठ-साडेआठला मात्र चिरमुरे, शेव, मुलाची बिस्किटं, पातेल्यात उरलेला भात, जे हाताला लागेल ते. दोन-तीन आठवडे रेटायचं, मग सगळं कोलमडायचं, मग पुन्हा सोमवारपासून सुरुवात. त्या विचारतात: मनाचा निग्रह हा दिवसभरात संपत जाणारा साठा असतो का? की माझ्यात तो मुळातच कमी आहे? घरचे तर तसंच म्हणतात.

ताई, निग्रहाचं उत्तर देतेच, पण त्याआधी तुमच्या सकाळच्या गोळीबद्दल बोलणं जास्त गरजेचं आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. तुम्ही जेवलात की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. सकाळी गोळी, दुपारच्या डब्यात काकडी आणि वाटीभर उसळ, म्हणजे चार-पाचच्या सुमाराला साखर खाली घसरायला रान मोकळं. हात कापणं, घाम फुटणं, छातीत धडधड, पोरांवर उगाच खेकसणं आणि समोर दिसेल ते तोंडात कोंबावंसं वाटणं, ही सगळी साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्याची लक्षणं आहेत. तुम्ही "संध्याकाळी अंगात कसंतरीच होतं" असं एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी त्याच ओळीवर थांबले.

ग्लुकोमीटर घरात आहे म्हणता, तर पुढचे आठ दिवस असं कसंतरी झालं की खाण्याआधी बोट टोचून आकडा बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यात ढवळून लगेच प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, सावरल्यावर थोडं जेवणासारखं काही खा. साखर बंद केलीय म्हणून त्या वेळी शेंगदाणे चघळत बसू नका, त्यांनी साखर चढायला फार वेळ लागतो. आणि ते आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा. डोस कमी करायचा की गोळीच बदलायची, हे ते ठरवतील. आपण होऊन बंद करायची नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हेच लागू. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांना मात्र वेगळा धोका असतो. त्या गोळ्यांवर असताना भात-भाकरी पार तोडली किंवा लांबलचक उपास केला, तर साखरेचा आकडा बरा दिसत असतानाही रक्तात कीटोन आम्ल वाढू शकतं आणि माणूस थेट आयसीयूत पोचतो. म्हणून असले तक्ते सुरू करण्याआधी गोळ्यांची चिठ्ठी कुणातरी जाणत्याला दाखवावी.

समजा आकडा ७० च्या खाली आला नाही, १२०-१३० आला. मग ती सरळसरळ भूक आहे. तुम्ही लिहिलेला दिवस मी मांडून बघितला. सकाळी कोरा चहा आणि एक सफरचंद, दुपारी काकडी-गाजर आणि मुगाची उसळ, घरी आल्यावर ग्रीन टी. म्हणजे १२०० कॅलरींचा तक्ता बाजूलाच राहिला, संध्याकाळपर्यंत पोटात ४०० च्या आसपास गेल्या. त्यावर सहा तास शिकवणं, बसमध्ये उभं राहून येणं, सासूबाईंना कुशीवर वळवणं, चादर बदलणं. रात्री आठला शरीर हिशेब मागतं आणि व्याजासकट वसूल करतं. ५० ग्रॅम शेव म्हणजे पावणेतीनशे कॅलरी, आणि उभ्या उभ्या खाताना ५० ग्रॅम कधी संपले ते कळतही नाही.

उपाशी माणसाचं डोकं कसं चालतं, याचा एक जुना आणि नीट नोंदवलेला प्रयोग आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीझ यांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. अर्धपोटी म्हणजे दिवसाला साधारण १५७० कॅलरी. तुमच्या तक्त्यापेक्षा हे पावणेचारशेनं जास्त आहे! ती मुलं स्वतःहून प्रयोगात आली होती, तत्त्वासाठी युद्धावर जायला नकार दिलेली, म्हणजे निग्रहात कुणाला हार जाणारी नव्हती. तरी काही आठवड्यांत त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरा विषय उरला नाही. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, ताटल्या चाटायची, चिडायची, खिन्न व्हायची. आणि निर्बंध उठल्यावर पोट भरलं तरी खातच राहायची. पुरुषांची गरज बाईपेक्षा जास्त असते, त्यांचं वजनही बरंच उतरवलं होतं, हे धरूनसुद्धा मुद्दा राहतोच: रात्री आठला तुमचं जे होतं, ते त्या निवडक तरुणांचंही झालं.

आता निग्रहाचा साठा. ही कल्पना ज्या प्रयोगानं गाजली, तो १९९८ सालचा. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी भुकेल्या विद्यार्थ्यांना एका खोलीत बसवलं, खोलीत नुकत्याच भाजलेल्या चॉकलेट बिस्किटांचा घमघमाट. काहींना बिस्किटं खायला दिली, काहींच्या वाट्याला नुसते मुळे. मग सगळ्यांना एक कोडं दिलं, जे सुटणारच नव्हतं. बिस्किटंवाले १९ मिनिटांच्या आसपास झगडले, मुळेवाल्यांनी आठ-साडेआठ मिनिटांत हात टेकले. यावरून निष्कर्ष काढला की मोह आवरण्यात ताकद खर्च होते आणि पुढच्या कामाला ती पुरत नाही. पुढे कुणी म्हणालं, ही ताकद म्हणजे मेंदूतलं ग्लुकोज, गोड सरबत प्या की भरून येतं. तुमच्यासारख्या मधुमेही माणसानं हे वाचलं तर काय होईल, याचा विचार करवत नाही. नंतर असंही दिसलं की गोड पाण्यानं नुसती चूळ भरून टाकली तरी माणसं तेवढ्याच नेटानं काम करतात. म्हणजे ग्लुकोजचं गणित तिथंच बारगळलं. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांहून जास्त माणसांवर, साठ्याची कल्पना पुन्हा तपासली. परिणाम जवळजवळ शून्य आला.

मग संध्याकाळी थकलेल्या माणसाकडून पथ्य मोडतं हे खोटं का? खोटं नाही. रोज बघते मी ते. पण टाकीतलं पाणी संपल्यासारखं ते चित्र चुकीचं आहे, आणि त्या चित्राचा तोटा असा की माणूस पहिल्यापासूनच हार मानून बसतो. व्हेरोनिका जॉब आणि कॅरोल ड्वेक यांनी २०१० मध्ये दाखवलं की निग्रह संपतो असं मानणाऱ्यांचाच तो जास्त संपतो. आणि आपल्यासाठी त्याहून रंजक काम २०१७ सालचं आहे: कृष्णा सवानी आणि जॉब यांनी भारतीय लोकांवर तेच प्रयोग केले, तर आधी मनावर ताबा ठेवायला लावल्यावर पुढचं काम बिघडायच्या ऐवजी सुधारलं. आपल्याकडे संयमानं बळ वाढतं असं लहानपणापासून कानावर पडतं, त्याचा हा परिणाम असावा, असं त्यांचं म्हणणं.

हे वाचून मला तुमच्याच पत्रातली दुसरी एक ओळ आठवली. सासूबाई माळकरी, त्यामुळे घरात महिन्याच्या दोन्ही एकादश्या होतात, आणि तुम्ही लग्न झाल्यापासून एकही मोडलेली नाही. शाळेत कुणाच्या वाढदिवसाचा केक आला तरी एकादशीला तुमचा हात पुढे होत नाही, आणि त्याचं तुम्हाला काही वाटतही नाही. तोच केक द्वादशीला आला की दुपारभर डोक्यात घोळतो. बाई तीच, शाळा तीच, दमणूक तीच. मग निग्रह एका दिवसात आला आणि गेला कुठे?

एकादशीला ठरवण्यासारखं काही उरलेलंच नसतं, हे त्याचं कारण. काय चालतं, काय नाही, हे आधीच पक्कं. घरातल्या सगळ्यांना ठाऊक, म्हणून कुणी "घे की एवढंसं" म्हणत नाही. चुलीवर दुसरं काही शिजत नाही. आणि तो एक दिवसाचा असतो, संपायचा केव्हा ते माहीत असतं. तुमच्या १२०० कॅलरींच्या तक्त्यात यातलं एकही नाही. भाकरी खाल्ली तर किती, शेंगदाणे चालतील का, आज थोडा भात खाल्ला तर उद्या काय कमी करू, असे दिवसाला पन्नास निवाडे तुम्ही एकटीनं करता, आणि त्याच वेळी हातानं दुसऱ्यांसाठी भात वाढत असता. जर्मनीत २०१२ मध्ये दोनशेवर माणसांच्या दिवसभरातल्या मोहांची नोंद घेतली होती. त्यात पक्क्या मनाची समजली जाणारी माणसं मोहाशी जास्त झुंजतात असं दिसलं नाही. त्यांना झुंजायची वेळच कमी येत होती.

अगदी कडक आहार जिथे यशस्वी झाला, तिथेही हेच दिसतं. ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात, ज्याचे निकाल २०१७ मध्ये आले, मधुमेही माणसांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरी दिल्या आणि वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली राहिली. हा आकडा मोबाइलवर फार फिरतो. पण त्या लोकांना जेवण म्हणून तयार सूप आणि शेकची पाकिटं मिळत होती, काय शिजवायचं हा प्रश्नच नव्हता, साखरेच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या, आणि प्रशिक्षित नर्स वा आहारतज्ज्ञ ठरल्या तारखेला भेटत होते. इन्सुलिनवर असलेल्यांना घेतलंच नव्हतं. ग्लिमेपिराइड घेत, सासूबाईंचं करत, एकटीनं तसला आहार पाळणं म्हणजे वेगळीच गोष्ट.

एकादशीची साबुदाण्याची खिचडी उचला असं मी सांगत नाही, हे वेगळं लिहायला नको. मधुमेहात तीही साखर वाढवतेच. आणि गोळी बदलून मिळेपर्यंत एकादशीला निव्वळ पाण्यावर राहू नका; त्या दिवशीच्या गोळीचं डॉक्टरांना विचारून ठेवा. घ्यायची ती उपासाची रचना: थोडे नियम, पक्के नियम, सगळ्या घराला माहीत असलेले.

तुमच्या दिवसात मी दोनच जागा बदलीन. पहिली, दुपारचा डबा. भाकरी परत आणा. ज्वारीची एक मध्यम भाकरी, तिच्याबरोबर दीड वाटी उसळ किंवा झुणका, एक पालेभाजी, ताकाची बाटली. भाकरीनं साखर वाढते हे खरं, मोठ्या भाकरीला ६०-७० ग्रॅम पीठ लागतं आणि त्यात चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम पिष्ट असतं. पण उसळीबरोबर, दुपारी, चालत्या-फिरत्या अंगाला ती जेवढी वाढवेल, त्याहून जास्त रात्रीचे चिरमुरे वाढवतात. खानापूरकडे भात सुटत नाही, हेही मला माहीत आहे. मग दुपारी भाकरीऐवजी मोजून एक वाटी भात, दोन्ही नको. आमच्या भागात तक्ते दोन्हीकडून येतात, बेंगळुरूचा नाचणीची मुद्दे (शिजवलेल्या पिठाचा गोळा) खायला सांगतो, पुण्याचा ओट्स. तुमच्या जिभेला जे सवयीचं आहे त्यातूनच तक्ता काढला तर तो टिकतो. ऑलिव्ह, ॲव्होकॅडो असलं लिहिलेला कागद खुशाल फाडून टाका.

दुसरी जागा म्हणजे संध्याकाळचे पाच ते नऊ, आणि इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण बायकांचं पथ्य बहुधा इथंच मोडतं. आपल्याकडे घरातली बाई सगळ्यांची पानं झाल्यावर जेवते. तुमच्या घरी मुलगा साडेसातला, सासूबाईंना भरवायचं आठला, नवरा पाळीप्रमाणे कधी आठ कधी साडेअकरा. म्हणजे तुम्ही भुकेल्या पोटी दोन तास शिजवता, मीठ बघायला म्हणून चमचा चाखता, मुलाच्या ताटात उरलेली अर्धी पोळी टाकवत नाही म्हणून तोंडात टाकता, आणि मग "सातनंतर काही नाही" हा नियम आठवून जेवत नाही. जेवत नाही, पण खाता! या भागातल्या बायकांचे आहाराचे कागद मी वर्षानुवर्षं बघतेय, रात्रीचं जेवण म्हणून त्या जागी रेघ असते आणि वजन हलत नाही. तो सातचा नियम आधी काढून टाका. त्याच्या जागी हा घाला: शाळेतून आल्यावर, स्वयंपाकघरात जाण्याआधी, बसून खायचं. मूठभर फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे आणि पेलाभर ताक. घरात अंडं चालत असेल तर एक उकडलेलं. ३० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेसात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, दोन तास पोट गप्प बसतं. मूठ डब्यातून वाटीत काढायची आणि डबा बंद करून मगच बसायचं, कारण शेंगदाण्यात तेलही भरपूर असतं आणि डबा मांडीवर घेऊन बसलं की मूठ कुठली मोजली जाते! आणि आठला सासूबाईंना भरवताना तुमचंही ताट बाजूला घ्या. त्यांच्या खोलीत, त्यांच्याबरोबर. अर्धी भाकरी, भाजी, आमटी. नंतर नवऱ्याला वाढताना तुमचं झालेलं असेल. घरात हे सांगावं लागेल, स्पष्ट सांगा: साखरेच्या गोळीमुळे मला आठला जेवायचंच आहे. औषधाचं कारण सांगितलं की आपल्या घरांत कुणी वाद घालत नाही.

शेव-चिरमुऱ्यांचं काय करायचं? मुलगा घरात आहे, डबा पार बंद करा म्हणणं सोपं आणि निरर्थक. बेळगावातल्या शहापूरच्या एका विणकर कुटुंबात आम्ही एवढंच केलं होतं की फरसाणाचा डबा स्वयंपाकघरातल्या फळीवरून उचलून माग चालतो त्या खोलीत, मुलाच्या कपाटात ठेवला. काकांना हवं असेल तेव्हा मुलाकडे मागावं लागायचं. मागायची लाज वाटायची, एवढ्यानंच निम्मं कमी झालं. काकांचं मन आधीपेक्षा घट्ट झालं होतं असं मला वाटत नाही.

तुमच्या यजमानांच्या पाळीचंही जाता जाता. दुपारपाळी करून रात्री साडेअकराला येऊन ते भात-आमटी जेवतात आणि तुम्ही सोबत म्हणून बसता, "एक घास" घेता. त्यांना फाउंड्रीत साडेसातच्या सुट्टीला खायला डबा द्या, आल्यावर ताक किंवा थोडंसं काही. तुमची झोप त्यामुळे तासभर वाढेल, आणि झोप ही चैन नाही. शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये बारा तरुणांना दोन रात्री चार-चार तासच झोपू दिलं, तर पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं, आणि ओढ सगळी गोड, खारट, पिठूळ पदार्थांकडे. अपुऱ्या झोपेवर पथ्य पाळायचं म्हणजे वाऱ्याच्या उलट सायकल हाणायची.

ताणाबद्दल एवढं समजून घ्या की न खाताही तो साखर वाढवतो. ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढलं की यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि इन्सुलिनचा अंमल कमी होतो. म्हणून ज्या रात्री सासूबाईंनी झोपू दिलं नाही, त्या सकाळी उपाशीपोटीची साखर जास्त दिसली तर "काल मी काय खाल्लं" म्हणून स्वतःची झडती घेऊ नका, आणि शिक्षा म्हणून नाश्ता तर मुळीच सोडू नका. ताणात काहींची भूक मरते, काहींची खवळते. तुमची खवळते, एवढंच. सासूबाईंच्या कामातला कुठला तरी एक भाग दुसऱ्या कुणाकडे जायला हवा. मुलगा बारावीला आहे हे मान्य, पण संध्याकाळी अर्धा तास आजीजवळ बसल्यानं त्याची बारावी बुडत नाही. तो अर्धा तास तुम्ही चाला. जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्यानंही साखर उतरते, पावसाळ्यात खानापूरला बाहेर पडवत नसेल तर पडवीतल्या पडवीत.

यात्रा आणि पाहुण्यांचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलाय, तो आपल्या भागात कुणालाच चुकत नाही. गावची महालक्ष्मी यात्रा काही वर्षांच्या खंडानं येते आणि आली की घराघरांत पै-पाहुण्यांच्या पंगती उठतात. पाहुणा मोकळ्या हातानं येत नाही, बेळगावहून आला तर कुंदा, गोकाकवरून आला तर करदंट. करदंटात सुकामेवा आणि डिंक असतो म्हणून तो "चालतो" असं मधुमेही माणसं मला पटवायला बघतात. त्यात गूळही तितकाच असतो, आणि उसाच्या पट्ट्यात राहून सांगायला बरं वाटत नाही, पण रक्तात गेल्यावर गूळ आणि साखर यांत फारसा फरक उरत नाही.

पंगतीत "नको" म्हणून भागत नाही. नको म्हटलं की वाढणाऱ्याला चेव येतो, "घ्या की वैनी, यात्रा काय रोज येत्या काय!" पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाचं गाजलेलं काम यावर आहे की "मी कमी खाईन" असा संकल्प सोडण्यापेक्षा "असं झालं तर मी असं करीन" हे आधी ठरवलेलं माणूस जास्त वेळा पाळतो. तेव्हा तुमचं ठरलेलं वाक्य हे घ्या: दुसरी पोळी वाढायला कुणी आलं, तर पानावर हात आडवा धरून मी म्हणेन, "पोळी राहू दे, कटाची आमटी वाढा." वाढणाऱ्याला वाढल्याचं समाधान हवं असतं, ते आमटीनंही मिळतं. मागून घेतलं म्हटल्यावर तर तो खूशच. पहिली पोळी मात्र बसून, तूप घालून, चवीनं खा. तिच्याबरोबर भात नको. यात्रेच्या दिवशी सकाळपासून उपाशी राहून पोट मोकळं ठेवायची युक्ती बऱ्याच जणी करतात, तिचा शेवट काय होतो ते वर लिहिलंच आहे.

आणि तरीही एखाद्या रात्री डबा रिकामा होईल. होणारच. १९७५ साली हर्मन आणि मॅक यांनी विद्यार्थिनींना मिल्कशेक पाजून नंतर आइस्क्रीम चाखायला दिलं. एरवी खाण्यावर बंधन न ठेवणाऱ्या मुलींनी, पोट भरलं म्हणून, कमी खाल्लं. सतत बंधनात राहणाऱ्या मुलींनी उलट जास्त खाल्लं. आजचं पथ्य मोडलंच आहे, मग कशाला मागे राहायचं, असा तो हिशेब. तुमचं "पुन्हा सोमवारपासून" हे त्याचंच मराठी रूप. बुधवारी रात्री चार बिस्किटं खाल्ली, त्यानं साधारण शंभरेक कॅलरी पोटात जातात. गुरुवार ते रविवार "आता सोमवारीच" म्हणून जे खाल्लं जातं, तेच वजनात दिसतं. त्यामुळे मोडल्यानंतरचं पहिलं जेवण ठरल्याप्रमाणे, ठरल्या वेळी घ्यायचं, ना कमी ना जास्त.

एक शंका मात्र तुम्हाला स्वतःलाच तपासावी लागेल. थोड्या वेळात फार जास्त खाल्लं जातं, थांबायचं म्हटलं तरी हात थांबत नाही, लपून खावं लागतं, नंतर स्वतःचीच किळस येते, आणि हे आठवड्यातून एकदा तरी, असे तीन महिने चाललेत, असं असेल तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. सतत रडू येणं, कशातच मन न लागणं असेल तरीही. १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येतं; प्रत्यक्ष दाखवायचं तर धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. अशा वेळी पथ्याचा तक्ता कडक करत गेलं तर आजार वाढतो.

पहिल्या आठवड्यात दुपारचा डबा आणि पाचचं खाणं एवढंच बदला, रात्रीचं आठचं जेवण दुसऱ्या आठवड्यात. वजनकाट्याकडे पंधरा दिवस फिरकू नका. साखर तपासायची ती सकाळी उपाशीपोटी, संध्याकाळी पाचला, आणि कसंतरी होईल तेव्हा. डोस कमी झाला तर पाचची तपासणी आणखी आठ दिवस चालू ठेवा. एचबीए१सी तीन महिन्यांनीच करा, आधी केली तर जुनंच दिसतं. नोंदींची वही डॉक्टरांकडे नेताना काय खाल्लं ते मराठीत लिहिलंत तरी चालेल, आकडे तेवढे इंग्रजीत लिहा. तालुक्याच्या दवाखान्यातले बरेच डॉक्टर कन्नड माध्यमातून आलेले असतात, आपला ५ आणि ८ त्यांना नीट लागत नाही.